हद्दवाढ, नागरी

नागरी हद्दवाढ : नगरपालिका किंवा महानगरपालिका यांची सीमा वाढवून लगतची गावे, वाड्या, वसाहती वा लहान नगरे तीत समाविष्ट करण्याची वैधानिक कृती. नकाशावर ती केवळ एक रेषा पुढे सरकविणारी कृती दिसते. प्रत्यक्षात त्या रेषेबरोबर कर आकारणारी संस्था, बांधकामास परवानगी देणारा अधिकारी, जमिनीच्या वापराचे नियम आणि रहिवाशाने ज्याला जाब विचारावा तो प्रतिनिधी, हे सर्व एकाच दिवशी बदलतात. ग्रामपंचायत विसर्जित होते. तिची मालमत्ता, येणी-देणी व दप्तर नव्या संस्थेकडे जाते. सरपंच व सदस्य यांचे पद संपते. ग्रामीण भागापुरत्या असलेल्या शासकीय योजना त्या गावाला लागू राहत नाहीत. इतके दूरगामी परिणाम असूनही ज्यांच्यावर ते होतात, त्यांची संमती घेण्याची तरतूद भारतातील नगरविषयक कायद्यांत सामान्यतः नाही. हरकत नोंदविण्याची संधी मात्र आहे. संमती व हरकत यांच्यातील या अंतरातच हद्दवाढीचे बहुतेक वाद उद्‌भवतात.

हद्दवाढीचे प्रस्ताव सहसा दोन कारणांनी पुढे येतात. नगराची वस्ती सीमेबाहेर पसरते, तेथील रहिवासी नगरातील रस्ते, रुग्णालये, बाजार वापरतात, परंतु कर भरतात तो ग्रामपंचायतीकडे; म्हणून नगरसंस्थेला त्या क्षेत्राचे उत्पन्न हवे असते. दुसरे कारण नियोजनाचे. सीमेलगत अनियंत्रित बांधकामे उभी राहिली, की पुढे तेथे मलनिःसारण वाहिनी किंवा रुंद रस्ता नेणे अतिशय खर्चिक होते. विरोधाची कारणेही तितकीच ठोस असतात : घरपट्टी वाढेल, शेतजमिनीवर विकास योजनेतील आरक्षण पडेल, गावाचे पाणी नगराकडे वळेल, आणि शंभर-दोनशे प्रतिनिधींच्या सभागृहात गावाचा एखाद-दुसराच माणूस असेल. हा वाद ग्रामीण विरुद्ध नागरी असा सरळ मांडला जातो. तो तसा क्वचितच असतो. नगरालगतच्या गावात मूळ गावकरी व जमीनधारक, गेल्या दहा-वीस वर्षांत सदनिका घेऊन राहावयास आलेले नोकरदार, आणि भाड्याच्या खोल्यांतील कामगार असे तीन समाज एकत्र राहतात. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या सदनिकाधारकाला हद्दवाढ म्हणजे नळ वाटतो. जमीनधारकाला ती आरक्षणाची टांगती तलवार वाटते. तिसऱ्या गटाचे मत बहुधा कोणी विचारीतच नाही.

वैधानिक चौकट : चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३ पासून) संविधानात आलेल्या अनुच्छेद २४३ थ मध्ये संक्रमणशील क्षेत्र, लहान नागरी क्षेत्र व मोठे नागरी क्षेत्र असे तीन वर्ग केले आहेत. ते ठरविताना राज्यपालांनी लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण व आर्थिक महत्त्व या गोष्टी विचारात घ्यावयाच्या असतात. या यादीत लोकेच्छेचा उल्लेख नाही. महाराष्ट्रात महानगरपालिकांच्या सीमा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या (मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) कलम ३ अन्वये बदलल्या जातात. त्यासाठी संबंधित महानगरपालिकेशी विचारविनिमय आणि अधिसूचनेची पूर्वप्रसिद्धी या दोन अटी आहेत. नगरपरिषदांच्या बाबतीत १९६५ च्या अधिनियमानुसार राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रात उद्‌घोषणा प्रसिद्ध करून किमान तीस दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी हरकती मागवाव्या लागतात. महानगरपालिकेचे मत विचारणे आवश्यक आहे. जे गाव समाविष्ट व्हावयाचे त्याच्या ग्रामसभेच्या संमतीवर मात्र निर्णय अवलंबून नाही, ही या चौकटीतील असमानता लक्षात घेण्याजोगी आहे.

न्यायालयांची भूमिका एकसारखी राहिलेली नाही. उत्तर प्रदेशातील तुलसीपूर साखर कारखान्याच्या प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने नगरक्षेत्र घोषित करणे हे वैधानिक स्वरूपाचे कार्य मानले व त्यास नैसर्गिक न्यायाचे तत्त्व लागू होत नाही, असे ठरविले. उलट हिमाचल प्रदेशातील बलदेव सिंग प्रकरणात (१९८७) नागरी क्षेत्रात समावेश झाल्याने रहिवाशांवर कराचा व इतर जबाबदाऱ्यांचा भार पडतो, म्हणून त्यांना म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा निर्णय १९८९ चा. कल्याण महानगरपालिकेच्या प्रारूप अधिसूचनेत कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ व उल्हासनगर ही क्षेत्रे एकत्र करण्याचे योजिले होते. उल्हासनगरमधून तीव्र विरोध झाला व अंतिम अधिसूचनेत ते वगळले गेले. इतर भागांतील हरकतदारांचा आक्षेप असा, की उल्हासनगरचे ऐकले, मग आमचे का नाही? मुंबई उच्च न्यायालयाला हा आक्षेप ग्राह्य वाटला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सुंदरजस कन्यालाल भथिजा प्रकरणात तो फेटाळला आणि शासनाने कायद्यात सांगितलेली कार्यपद्धती पाळली म्हणजे पुरे, तिच्यापलीकडे सुनावणीचा हक्क नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला. राजकीय दृष्ट्या मात्र त्या प्रकरणाने लगतच्या सर्व गावांना एक धडा दिला : लेखी हरकतीने जे साधत नाही, ते संघटित विरोधाने साधते. अंबरनाथ १९९२ मध्ये वेगळे झाले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे हा धडा पुन्हा पुन्हा गिरविला गेला.

संज्ञापनातील अडचणी : हद्दवाढीच्या वादात प्रशासन व नागरिक परस्परांशी बोलत नाहीत असे नव्हे, ते वेगवेगळ्या भाषांत व वेगवेगळ्या वेळी बोलतात. प्रारूप अधिसूचना ही भू-क्रमांक, गट क्रमांक आणि चतुःसीमा यांची यादी असते. ‘पूर्वेस अमुक गावाची हद्द, दक्षिणेस अमुक ओढा’ या वर्णनावरून भूमापन कार्यालयातील लिपिकाला क्षेत्र कळते. रहिवाशाला हवी असलेली माहिती तिच्यात नसते. घरपट्टी किती होईल, पाणी केव्हा येईल, गावठाणाबाहेरच्या घराचे काय होईल, जिल्हा परिषदेची शाळा कोणाकडे जाईल, हे त्याचे प्रश्न. त्यांची उत्तरे अधिसूचनेत देणे कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून ती दिली जात नाहीत. ही पोकळी अफवांनी भरते. घरपट्टी दहापट होणार, गुरे पाळता येणार नाहीत, सातबारा रद्द होणार अशा वार्ता पसरतात आणि त्यांचे खंडन करण्याची जबाबदारी कोणत्याच कार्यालयावर नसते. वास्तविक महानगरपालिका अधिनियमातच नव्याने समाविष्ट क्षेत्रात मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने वाढवीत नेण्याची तरतूद आहे. तिची माहिती गावात समावेशापूर्वी पोहोचण्याऐवजी बहुधा पहिल्या देयकाबरोबर पोहोचते, आणि तोपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवण्याची कोणाची तयारी उरलेली नसते.

दुसरी अडचण कालक्रमाची. हरकती मागविल्या जातात तेव्हा कोणती गावे घ्यावयाची हे शासनस्तरावर बहुतांशी ठरलेले असते. त्यामुळे सुनावणीत हरकतदार ‘का’ विचारतो आणि अधिकारी ‘कसे’ याचे उत्तर देतो. हरकतींवर कोणता विचार झाला, कोणती मान्य झाली, कोणती का फेटाळली, याचे कारणांसह उत्तर प्रत्येक हरकतदाराला मिळतेच असे नाही. आपला अर्ज वाचला तरी गेला का, हे कळण्याचा मार्ग नसल्याने पुढच्या वेळी तोच रहिवासी अर्ज न करता मोर्चात सामील होतो. प्रशासनाची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. एकाच मजकुराचे छापील हरकत-अर्ज हजारांच्या संख्येने येतात, गठ्ठ्याने दाखल होतात. त्यांतून एखाद्या वाडीचा विहिरीबद्दलचा किंवा स्मशानभूमीच्या रस्त्याबद्दलचा खरा प्रश्न शोधून काढणे कठीण जाते. संख्या दाखविण्याच्या ओघात मुद्दे हरवतात, हा दोष संघर्ष समित्यांच्या पद्धतीत आहे.

तिसरी अडचण प्रतिनिधित्वाची. गावाच्या वतीने कोण बोलते? ग्रामपंचायतीचा ठराव हा साहजिकच पहिला आधार. पण हद्दवाढीने ज्यांचे पद जाणार, त्यांनीच तो केलेला असतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. दोन-चारशे उंबऱ्यांच्या गावासाठी हे प्रमाण योग्य होते. ज्या गावाची वस्ती सदनिकांमुळे चाळीस-पन्नास हजारांवर गेली, तेथे शंभर जणांच्या सभेचा ठराव गावाचा कौल मानावा का, हा प्रश्न दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने टाळतात. कृती समित्यांचे म्हणाल तर समावेश मागणारी एक आणि विरोध करणारी दुसरी अशा दोन समित्या एकाच परिसरात असू शकतात, व दोन्ही ‘समस्त ग्रामस्थ’ या नावाने निवेदने देतात.

महाराष्ट्रातील काही प्रकरणे : पुण्याचा अनुभव सर्वांत बोलका आहे. १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेत लगतची ३८ गावे समाविष्ट करण्यात आली. विरोध इतका टिकून राहिला, की २००१ मध्ये त्यांपैकी १५ गावे पूर्णतः व ५ अंशतः वगळावी लागली. उरलेल्या २३ गावांसाठी स्वतंत्र विकास योजना झाली आणि तिच्यातील टेकड्यांवरील जैववैविध्य उद्यानाच्या आरक्षणाने वाद नव्याने पेटला. त्या आरक्षणाचा निर्णय २०१५ पर्यंत लांबला. दरम्यान जमीनधारकांना ना बांधकाम करता आले ना मोबदला मिळाला, आणि टेकड्यांवर अनधिकृत घरे मात्र उभी राहिली. वगळलेल्या गावांतही वस्ती वाढतच होती. पंधरा वर्षांत चित्र इतके पालटले, की समावेश व्हावा म्हणून नागरिकांनीच न्यायालयात जनहित याचिका केली. शासनाने ३४ गावांचा समावेश टप्प्याटप्प्याने करण्याचे मान्य केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ व जून २०२१ अखेर उरलेली २३ गावे घेण्यात आली. महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे ५१६ चौ. किमी. झाले व क्षेत्रफळाने ती बृहन्मुंबईहूनही मोठी ठरली.

समावेशानंतरच्या घटनाक्रमात लोकसहभागाचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. २०१७ मध्ये आलेल्या ११ गावांसाठी दोन नगरसेवकांची निवड व्हावयास २०१९ साल उजाडले. दीड वर्षाहून अधिक काळ तेथे ग्रामपंचायत नव्हती आणि नगरसेवकही नव्हता. २०२१ मधील २३ गावांची स्थिती याहून बिकट झाली. ग्रामपंचायती गेल्या; मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेची मुदत संपून प्रशासक आला; निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षे या गावांनी कर भरला, परंतु त्यांचा निवडलेला प्रतिनिधी कोणत्याही सभागृहात नव्हता. शिवाय समावेशानंतर लगेच या गावांचे नियोजन प्राधिकरण म्हणून महानगरपालिकेऐवजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली. कर एका कार्यालयात, बांधकाम परवानगी दुसऱ्या कार्यालयात आणि खड्ड्याची तक्रार कोठे करावी हे अनिश्चित, अशी अवस्था निर्माण झाली. नागरिकांना ‘सांगितले जात नाही’ या तक्रारीत येथे एक भर पडली : सांगण्यास जबाबदार कोण हेच ठरलेले नव्हते.

फुरसुंगी व उरुळी देवाची या दोन गावांचा दाखला स्वतंत्र विचार करण्याजोगा आहे. ही गावे महानगरपालिकेत येण्यापूर्वी कित्येक वर्षे, म्हणजे १९९० नंतरच्या दशकापासून, पुण्याचा कचरा त्यांच्या शिवारात टाकला जात होता. विहिरींचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी, कचरागाड्या अडविण्याची आंदोलने आणि कचरा टाकणे थांबविण्याची मुदतबंद आश्वासने यांचा तेथे मोठा इतिहास आहे. म्हणजे हद्दवाढीच्या प्रस्तावापूर्वीच नगर व गाव यांच्यात एक जुना, कटू संवाद चालू होता. २०१७ मध्ये समावेश झाला तेव्हा सुविधांच्या आश्वासनांकडे तेथील रहिवाशांनी या अनुभवाच्या चष्म्यातून पाहिले, यात नवल नाही. कराची देयके वाढली, पाण्याची टंचाई लगेच हटली नाही, आणि वगळण्याची मागणी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने ती मान्य केल्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये अंतिम अधिसूचनेने ही गावे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. तोवर महानगरपालिकेने तेथे खर्च केलेला होता, आणि वगळू नये असे म्हणणारे रहिवासीही होतेच. पण सात वर्षांपूर्वीप्रमाणे या वेळीही कौल घेतला गेला नाही.

कल्याण-डोंबिवलीतील २७ गावांची कथा तर दोलकासारखी आहे. १९८३ मध्ये महानगरपालिकेबरोबर ती आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. स्वतंत्र नगरपालिकेची मागणी करणाऱ्या संघर्ष समितीने त्या वर्षीच्या निवडणुकीवर बहिष्काराचे आवाहन केले. २०२० मध्ये शासनाने १८ गावे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचे ठरविले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, महानगरपालिकेशी करावयाचा विचारविनिमय कायद्याला अभिप्रेत असलेल्या रीतीने झाला नाही म्हणून, तो निर्णय रद्द ठरविला. विचारविनिमयाची अट ही औपचारिकता नव्हे, हे या निकालाने दाखविले. परंतु ज्या विचारविनिमयाच्या अभावी निर्णय रद्द झाला, तो महानगरपालिकेशी करावयाचा होता, गावांशी नव्हे.

वसईत विरोधाची मुळे शेती व पाणी यांत होती. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा व ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. पश्चिम पट्ट्यातील बागायती गावांना, जेथे केळी, भाजीपाला व फुले पिकतात आणि विहिरींचे गोडे पाणी हेच जीवन आहे, नगराचा विस्तार म्हणजे वाड्यांचा अंत वाटला. हरित वसईच्या चळवळीची पार्श्वभूमी असल्याने तेथील लोकांना निवेदने, सभा व मोर्चे यांचा सराव होता. २००९ च्या विधानसभा निवडणुकीवरही या प्रश्नाची छाया पडली. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. ती न्यायालयात अडकली आणि २०२४ मध्ये शासनाने गावे महानगरपालिकेतच ठेवण्याचा मार्ग पत्करला. तेरा वर्षे ही गावे कागदोपत्री बाहेर व व्यवहारात आत होती. कोल्हापुरात याउलट घडले. १९७२ मध्ये महानगरपालिका झाल्यानंतर अनेक दशके तिची हद्द वाढली नाही. हद्दवाढ समर्थक व विरोधक यांच्या आंदोलनांनंतर २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापण्याची तडजोड झाली. तिने दोन्ही पक्षांचे समाधान झाले नाही.

इतर देशांतील अनुभव : मतदान घेतले म्हणजे वाद मिटतो, असे मात्र नाही, कोणाचे मत मोजावयाचे यावर सर्व अवलंबून असते. अमेरिकेत पिट्सबर्ग व ॲलेगेनी या शेजारच्या शहरांच्या एकत्रीकरणासाठी १९०६ मध्ये दोन्ही शहरांची मते एकत्र मोजण्यात आली. ॲलेगेनीच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने नकार दिला होता, तरी पिट्सबर्गच्या मतांखाली तो बुडाला. १९०७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे वैध ठरविले. रिचमंड शहराने १९७० मध्ये लगतचा सुमारे ६० चौ. किमी. भाग घेतला. त्यात आलेले सुमारे ४७,००० रहिवासी जवळजवळ सर्व गौरवर्णीय होते, आणि त्यामुळे शहरातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. सीमा बदलून मतदारसंघाचा रंग बदलला, या आक्षेपावरील खटल्यांमुळे नगरपरिषदेच्या निवडणुका १९७७ पर्यंत थांबल्या. टेक्सस राज्यात नगरांना संमतीविना लगतचा प्रदेश घेता येत असे. ह्यूस्टनने १९९६ मध्ये किंगवुड वसाहत रहिवाशांचा विरोध डावलून घेतली. त्यानंतर वाढत गेलेल्या असंतोषातून २०१७ व २०१९ च्या कायद्यांनी अशी एकतर्फी हद्दवाढ जवळजवळ बंद केली. कॅनडात टोराँटोच्या सहा नगरसंस्थांमधील मतदारांनी मार्च १९९७ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश मतांनी विलीनीकरण नाकारले, तरी प्रांतिक शासनाने १ जानेवारी १९९८ पासून ते अमलात आणले. क्वेबेक प्रांतात उलट मार्ग चोखाळला गेला. २००२ मध्ये माँट्रिऑलमध्ये सक्तीने विलीन झालेल्या नगरांना जून २००४ मध्ये सार्वमताने बाहेर पडण्याची मुभा देण्यात आली व १५ जुन्या नगरसंस्था २००६ पासून पुन्हा अस्तित्वात आल्या. मात्र पोलीस, अग्निशमन, पाणी यांसारख्या सेवा समाईक परिषदेकडेच राहिल्या व त्यांचा खर्च या नगरांवर बसला. सार्वमताच्या वेळी हा तपशील प्रत्येक नगराला छापून दिलेला होता.

जपानमध्ये १९९९ ते २०१० या काळात नगरसंस्थांची संख्या ३,२३२ वरून १,७२७ पर्यंत उतरली. अनेक ठिकाणी स्थानिक मतदान झाले. फुकुशिमा प्रांतातील यामात्सुरी या लहानशा नगराने २००१ मध्येच आपण विलीन होणार नाही असा ठराव जाहीर केला व तो पाळला.

महाराष्ट्रात कायदा न बदलताही करता येण्याजोग्या गोष्टी बऱ्याच आहेत. प्रारूप अधिसूचनेसोबत मराठीत गावनिहाय पत्रक देणे, त्यात पहिल्या पाच वर्षांच्या घरपट्टीचा नमुना-हिशेब व पाणीपुरवठ्याचे टप्पे नमूद करणे, सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी न ठेवता गावात व सुटीच्या दिवशी घेणे, हरकतींचे मुद्द्यांनुसार वर्गीकरण करून उत्तरे प्रसिद्ध करणे, या सर्वांस शासननिर्णय पुरेसा आहे. प्रतिनिधित्वातील खंड टाळावयाचा, तर मात्र कायद्यात दुरुस्ती हवी. कारण विसर्जित ग्रामपंचायतीच्या सदस्यांना निवडणूक होईपर्यंत सल्लागार म्हणून ठेवण्यास सध्या आधार नाही. गावे वगळताना उद्‌भवणारे प्रश्न आणखी निराळे असतात. मधल्या वर्षांत घातलेल्या जलवाहिन्यांचे मूल्य कोणी चुकवावयाचे, थकीत कर कोणी वसूल करावयाचा, दिलेल्या बांधकाम परवानग्या कोणी तपासावयाच्या आणि महानगरपालिकेच्या सेवेत गेलेल्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांनी कोठे हजर व्हावयाचे, या बाबी अधिसूचना निघाल्यावर बैठकांतून ठरविल्या जातात, आणि तोपर्यंत एकच रहिवासी दोन कार्यालयांच्या पावत्या जपून ठेवतो.